हिरव्या गालिच्याखालची फरशी

मित्रांनो, गालिचा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर वेलबुट्टी, झालर आणि मोठा दिवाणखाना येत असेल. मी तसला गालिचा नाही. मी अरुंद, हिरवा, बिनफुलांचा आणि आता बराच जुना आहे. माझी हकीकत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला शंकाच आहे. पण माझ्या अंगावर एक माणूस एक खेळ चुकीचा शिकला आणि मग पुन्हा बरोबर शिकला, एवढे तरी तुमच्या कानावर घालावे असे वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका मोठ्या हॉटेलच्या लांबलचक पॅसेजसाठी मला विणले होते. हॉटेलवाल्यांनी हवे तेवढे कापून नेले आणि शेवटी जो तुकडा उरला, तो म्हणजे मी. पुढे एका दुकानाच्या कोपऱ्यात मी गुंडाळलेला उभा होतो. गिऱ्हाइके यायची, माझी लव उलटसुलट चोळायची आणि म्हणायची, "चांगला आहे, पण घालायचा कुठे?" एके दिवशी एक बाई हातात सुतळी घेऊन आल्या. घरातला पॅसेज त्यांनी सुतळीने मोजून आणला होता. सुतळी माझ्या अंगावर धरली, तर ती तंतोतंत जुळली.

"ताई, तुमच्यासाठीच थांबला होता बघा," दुकानदार म्हणाला.

असे तो प्रत्येकाला म्हणत असे. तरी मला बरे वाटले.

त्या घरात मी स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत पसरलो. स्वयंपाकघराकडून पाहिले तर डाव्या हाताला बाथरूम, उजव्या हाताला कोरी भिंत आणि शेवटी चपलांचे कपाट. पहिल्याच दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझी डावी कड उजव्या कडेपेक्षा किंचित खाली होती. फरशी बसवणाऱ्याने पाणी बाथरूमकडे वाहून जावे म्हणून पॅसेजलाही थोडा उतार दिला होता. डोळ्यांना तो दिसत नव्हता, आणि मला अंथरल्यावर तर मुळीच दिसेनासा झाला. मला ठाऊक होते. पण गालिच्याला कोण विचारतो?

मला आणणाऱ्या बाई त्या घरच्या सूनबाई. त्या घरीच केक करून ऑर्डरप्रमाणे देत. सुरुवातीला त्यांचे केक एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होत. मग त्यांनी ओव्हनच्या डाव्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या आणि विषय संपवला. त्या कामात फार बोलत नसत.

घरात दुसरे माणूस म्हणजे त्यांचे सासरे. सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबांनी उभे आयुष्य एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवले होते. चूक दिसली की ती आपल्याच हातून झाली असणार, असे त्यांना आधी वाटे. लेखकाची की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची, हा विचार नंतर. छापखान्याच्या यंत्रविभागाचे मुख्य, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, त्यांनी बाबांना सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळायला नेले आणि बाबांना त्या खेळाचा नाद जडला. मित्रांनो, या खेळात काठीने लहानसा चेंडू मारत मारत दूरच्या खळग्यात घालायचा असतो. सुरुवातीचे टोले लांबचे असतात. शेवटचा मात्र हिरवळीवरून हळूच ढकलायचा असतो आणि त्याची काठी वेगळी असते. तिला पटर म्हणतात.

बाबांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी चालवणे सोडले. लांब टोल्यांचा सराव करायचे मैदान, म्हणजे ड्रायव्हिंग रेंज, गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. दोन बस बदलून काठ्यांचे ओझे घेऊन जायचे म्हणजे खेळण्याआधीच माणूस दमून जाई. म्हणून बाबांनी घरीच सराव सुरू केला. ते दोन्ही काखांत टॉवेल दाबून आरशासमोर मिटलेली छत्री फिरवत. हात अंगापासून सुटले की टॉवेल खाली पडे. मऊ स्पंजचे चेंडू ते धुण्याच्या बास्केटमध्ये उडवत. एकदा छत्री जरा जोरात फिरली आणि छताचा दिवा गेला.

"बाबा, दिवा नवा घेऊ," सूनबाई काच गोळा करत म्हणाल्या, "पण आता वरचं काही खेळू नका. खालचंच खेळा."

खालचे म्हणजे मी. माझ्या चपलांच्या कपाटाकडच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवून बाबा स्वयंपाकघराकडच्या टोकाहून चेंडू ढकलू लागले. चेंडू निघे सरळ, पण अर्ध्या वाटेवर त्याचे मन बदले आणि तो बाथरूमच्या उंबऱ्याला जाऊन टेके. बाबा पुन्हा ढकलत. पुन्हा उंबरा.

"माझा हात डावीकडे ओढतोय," ते स्वतःशी म्हणत.

त्यांनी पाय बदलून पाहिले, मनगट आवळले, श्वास धरला. फरशीचा संशय त्यांना एकदाही आला नाही. हळूहळू त्यांचे हात चेंडूला किंचित उजवीकडे पाठवू लागले आणि बाबांना मात्र वाटत राहिले की आपण सरळ मारतो आहोत. मग पेला वाजू लागला. खण्ण. पुन्हा खण्ण. सूनबाई केकवर क्रीम लावता लावता आतून म्हणत, "आज हात चांगला लागलाय वाटतं." ते माझे उमेदीचे दिवस होते. चेंडूच्या येण्याजाण्याने माझ्या लवेत एक फिकट वाट पडली. ती किंचित वाकडी होती. कुणी नीट पाहिली असती तर सगळे तिथेच कळले असते.

छापखान्यातली जुनी मंडळी दर वर्षी एकदा मैदानावर जमत आणि दोन संघ करून खेळत. ज्याला आता खेळ जमत नाही, त्याला कप्तान गुण लिहायच्या टेबलावर बसवत. बाबांनी हे जवळून पाहिले होते. एकदा टेबलावर बसलेला माणूस पुढल्या वर्षी नुसता चहाला येतो आणि त्याच्या पुढल्या वर्षी त्याला कुणी फोन करत नाही. बाबांना टेबलाचीच भीती होती, हरण्याची नव्हे. तो सगळा सराव त्यासाठीच होता.

सामन्याआधी कप्तानांनी सगळ्यांना एक दिवस मैदानावर बोलावले. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी परतले ते माझ्यावर उभेच राहिले. बूट काढायचे भान नव्हते.

"काय झालं, बाबा?"

"सगळे उजवीकडून गेले."

"सगळे?"

"हातभर अंतरावरचे सुद्धा. लोक तोंड फिरवून उभे होते, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून." मग म्हणाले, "हातच फितूर झालेत आता."

पटर छत्र्यांच्या सोबतीला गेला. पेला स्वयंपाकघरात परतला आणि त्यातून सगळे पुन्हा पाणी पिऊ लागले. माझ्यावर धूळ बसली. मला झटकायचे राहून गेले, मग राहूनच गेले. एकदा कुणाचा तरी चहा सांडला, त्याचा डाग अजून आहे. बाबा माझ्यावरून जात-येत असत, पण खाली पाहत नसत.

काही दिवसांनी कप्तान स्वतः घरी आले. चपला काढून ते माझ्यावर उभे राहिले आणि उगाच घसा खाकरू लागले.

"अरे, एक बोलायचं होतं."

"टेबलाचं ना?" बाबा म्हणाले. "बसतो मी. माझं अक्षर चांगलं आहे."

कप्तानांनी छत्र्यांमधून पटर ओढून काढला. "इथे करायचास होय सराव?"

"करायचो. इथे सगळे आत जायचे. पण घरातल्या खेळाचं काय घेऊन बसलास?"

"बघू तरी." सूनबाईंकडून पेला मागवला गेला. कप्तानांनी झोकात चेंडू मारला. तो बाथरूमकडे गेला. दुसराही गेला. "पटर वाकडा आहे तुझा," ते म्हणाले. तिसराही उंबऱ्याला टेकला, तेव्हा त्यांनी पटर बाबांच्या हातात कोंबला. "घे. तू मार."

बाबांनी नाइलाजाने मारला. खण्ण. पुन्हा मारला. खण्ण.

कप्तान त्यांच्याकडे पाहतच राहिले. "त्या दिवशी मैदानावर एक धड जात नव्हता, आणि इथे डोळे मिटून घालतोस. माझी फिरकी घेत होतास का रे?"

इतक्यात सूनबाई केकची बशी घेऊन आल्या. "काका, तुम्ही चपलांच्या कपाटाच्या उजव्या पायावर मारा. आमच्या घरात सगळं डावीकडे जातं. माझा केक सुद्धा. ओव्हनखाली पुठ्ठे घातले तेव्हा कुठे सरळ फुगायला लागला."

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारले.

"पुठ्ठे."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

"सगळं डावीकडे जातं. लादी पुसताना पाणी बघा ना कुठे जातं ते. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, तुमच्या खेळात तसंच मारतात."

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून मला गुंडाळले आणि भिंतीला टेकवून उभे केले. बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी उघड्या फरशीवर चेंडू ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू क्षणभर तसाच राहिला. मग कुणीही न ढकलता तो हळूहळू निघाला आणि बाथरूमच्या उंबऱ्याला जाऊन टेकला. इतकी वर्षे जे मी अंगाखाली झाकून ठेवले होते, ते मीही तेव्हाच पहिल्यांदा बाहेरून पाहिले.

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास," कप्तान म्हणाले. "घराची नाही दिसली?"

"मला वाटलं चूक माझीच आहे."

"तुला नेहमीच तसं वाटतं. चल, केक खाऊ. टेबलाला मी दुसरा कुणीतरी बघतो."

"पण माझं अक्षर..."

"राहू दे तुझं अक्षर."

त्या दिवसापासून माझे आयुष्य बदलले. बाबा सकाळी एका टोकाकडून मारत, दुपारी दुसऱ्या टोकाकडून. माझ्याखाली ते वर्तमानपत्रांच्या घड्या घालत, आज इथे तर उद्या तिथे, म्हणजे उतार रोज नवा. चेंडू मारण्याआधी ते खाली बसून माझ्याकडे निरखून पाहत. इतके लक्ष देऊन मला कधी कुणी पाहिले नव्हते.

"बाबा, खाली बसलाच आहात तर कपाटाखालची माझी चप्पल काढा," सूनबाई म्हणत. बाबा तीही काढून देत.

सामन्याच्या दिवशी ते उशिरा परतले. या वेळी त्यांनी बूट आठवणीने काढले.

"टेबलावर होतात की मैदानात?"

"मैदानात. शेवटचा टोला माझ्यावरच आला. असेल इथून त्या पेल्यापर्यंतच्या अंतरावर. मी खाली बसलो, हिरवळ बघितली. उजवीकडे उतार होता. गुडघा उठेना, तेव्हा कप्तानाने हात दिला."

"मग? गेला आत?"

"नाही. जास्तच धरला मी उतार. काठावरून फिरला आणि बाहेर. डावीकडून."

"अरेरे."

"अरेरे काय, अगं. डावीकडून, उजवीकडून नाही." बाबा हसत होते. "हरलो आम्ही. कप्तान म्हणाला, पुढच्या वर्षी जरा कमी विचार कर."

"पुढच्या वर्षी?"

"हो," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी."

मित्रांनो, माझ्या कडा आता उसवल्या आहेत आणि मधली वाट जवळजवळ टक्कल पडल्यासारखी झाली आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पण तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला अधूनमधून झटका, ऊन दाखवा, एका कोपऱ्याला धरून फरफटवू नका. आणि कधीतरी उचलून त्याच्याखालची फरशीही पाहा. तुमच्यातल्या कुणाचा चेंडू सारखा एकाच बाजूला जात असेल, तर त्याच्या हातांना बोल लावण्याआधी नक्की पाहा. तो चेंडू तुमचा स्वतःचा असला तरी.

बाबा आले. पेला आडवा ठेवला आहे. आता मला बोलणे थांबवून सरळ पडून राहायला हवे. सरळ म्हणजे, फरशी राहू देईल तितका.