डाव्या वळणावरचा आवाज

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तळहात समोरच्या काळ्या डॅशबोर्डवर ठेवला. गाडी गप्प होती. मागून आलेला सायकलवाला वाकून आत बघत पुढे गेला. बाईंनी पर्समधून चार रेघी वही काढली आणि गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: ‘शुक्रवार. पाण्याच्या टाकीपाशी, डावीकडे वळताना. टुक. एकदाच.’

वहीत याआधी अकरा नोंदी होत्या. अकराही डाव्या वळणाच्या.

गाडी घेऊन तेरा दिवस झाले होते. एका सुतारकाकांकडून घेतली होती. वय गाडीचंही झालेलं आणि काकांचंही, पण दोघं टापटिपीत. किल्ली देताना काका आपणहून म्हणाले होते, “पंधरा दिवस वापरून बघा. मन रमलं नाही तर परत आणून द्या. मी एका शब्दानं विचारणार नाही.”

त्या दिवशी बाईंना ते बोलणं केवढं माणुसकीचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा टुक झालं आणि मनात पाल चुकचुकली. गाडी धडधाकट असेल तर कुणी असं आपणहून कशाला म्हणेल? तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी गाडीत बसण्याआधी चारही चाकांपाशी वाकून बघू लागल्या. नक्की काय बघायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तरी बघत.

हौस म्हणून कुणी गाडी घेतली नव्हती. बाईंची शाळा पुलापलीकडे. तिकडे जाणारी बस बंद झाली, तेव्हा वरिष्ठांनी घराजवळच्या शाळेत बदली देऊ केली आणि अर्ज हातात ठेवला. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. पण पहिलीच्या वर्गात एकतीस पोरं होती, आणि त्यांतली निम्मी नुकतीच कुठे अक्षराला अक्षर जोडायला लागली होती. अशा वेळी वर्ग सोडणं म्हणजे पोराला पोहायला शिकवताना मधेच हात काढून घेणं. म्हणून गाडी. गाडीवर विश्वास बसला तर शाळा राहणार होती, नाही बसला तर अर्जावर सही.

गॅरेजवाला त्यांचाच विद्यार्थी निघाला. आता पोट सुटलेलं, मिशा पांढुरक्या, पण बाई दिसल्या तसा हातातला पाना मागे लपवून ताठ उभा राहिला. वही त्यानं उभ्यानंच वाचून काढली.

“बाई, हे पहिलीचं पुस्तक झालं की हो. मंगळवारी टुक. बुधवारी टुक टुक.”

“हसू नकोस. आवाज ओळखायला तुला मीच शिकवलंय.”

“म्हणून तर गॅरेज काढलं,” तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

अर्ध्या तासानं बाहेर आला. मग स्वतः चालवायला बसला, बाई शेजारी. चार डावी वळणं घेतली. काही नाही. मग बाई चालवायला, तो शेजारी. पुन्हा चार वळणं. गाडी तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प.

“ठणठणीत आहे, बाई. माझ्या आईला बसवीन मी यात.”

“मग मी काय खोटं लिहिलंय?”

“तसं नाही...” त्यानं डोकं खाजवलं. वर्गात उत्तर येत नसलं की तो असंच करायचा, हे बाईंना आठवलं. “आता पुन्हा आला ना, की लगेच फोन करा. मी धावत येतो.”

बाई एकट्या निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळल्या. टुक. फोन करायचं त्यांच्या मनात आलं, पण लाज वाटली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तोही दोनदा शेजारी बसून आला होता. दोन्ही वेळा शांतता.

“डोळ्यांची तक्रार असती तर मी काच बदलून दिली असती,” तो म्हणाला. “कानाला माझ्याकडे इलाज नाही.”

“म्हणजे मला भास होतात?”

“अगं, मी असं कुठं म्हणालो?”

“चेहरा म्हणाला.”

त्यावर त्या शहाण्या माणसानं चहाचा कप बाईंपुढे सरकवला आणि स्वतः रद्दी बांधायला घेतली.

त्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी खडू आणायला जायला तयार होईना. गॅलरीच्या टोकाचं कपाट कण्हतं, असं तिचं म्हणणं. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी एक बोट वर केलं तसा वर्ग गप्प झाला.

“भीती वाटली की पळायचं नाही,” बाई म्हणाल्या. “थांबून तिला विचारायचं. तू कुठून येतेस? कधी येतेस? कोण बरोबर असलं की येत नाहीस?” मग त्या मुलीकडे वळल्या. “कपाट केव्हा कण्हतं गं?”

“मी एकटी असले की.”

“आणि आपण दोघी असलो तर?”

मुलीनं विचार केला. “माहीत नाही. दोघी कधी गेलोच नाही.”

“चल तर.”

दोघी गेल्या. कपाट दोघींसमोरही कण्हलं. बिजागरी सैल होती. मुलगी एवढी खूश झाली की त्या दिवशी तिनं चार वेळा खडू आणले, गरज नसताना.

बाईंच्या चार रेघी वहीत वार होता, जागा होती, आवाज होता. बरोबर कोण होतं, हे मात्र त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. दुसऱ्याला शिकवलेलं आपल्यापर्यंत पोचायला कधी कधी फार वेळ लागतो.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. बदलीचा अर्ज टेबलावर होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. उद्या पंधरावा दिवस. बाई खिडकीशी आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. खाली समोरच्या झाडाखाली गाडी उभी होती आणि झाडापलीकडच्या बाकावर तपकिरी टोपी घातलेला एक माणूस बसला होता.

“हा कालही होता,” बाई म्हणाल्या. “परवाही.”

“बाक आहे. माणसं बसणारच.”

“तो माझ्या गाडीकडे बघतोय.”

“तू तरी दुसरं काय करतेस दिवसभर?” नवरा म्हणाला. पण तोही खिडकीशी आला.

बाईंनी चपला घातल्या आणि जिना उतरल्या. तिसऱ्या मजल्यावरून टोपीखालचा चेहरा दिसत नव्हता. जवळ जाताच माणूस उठून उभा राहिला. सुतारकाका होते. त्यांनी टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

“कशी चाललीय?” त्यांनी विचारलं. प्रश्न बाईंना होता, नजर गाडीवर.

“काका, खरं सांगा. हिच्यात काय बिघाड आहे?”

काकांनी टोपी हातातल्या हातात फिरवली.

“आवाज येतो ना? डावीकडे वळताना?”

बाई बाकावर बसल्या. राग आधी आला की हायसं आधी वाटलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. निदान आवाज होता. भास नव्हता.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“आवाज माहीत होता. कारण नव्हतं माहीत.” काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. “आमची लेक परगावी असते. तिला मुलगी झाली म्हणून बायको चार महिने तिकडे गेली. त्या चार महिन्यांत गाडी एकटाच चालवायचो. आणि हे टुक सुरू झालं. तीन गॅरेजं केली. तिघं शेजारी बसून आले, तिघं म्हणाले, काका, तुमचे कान. मला झोप लागेना. म्हटलं, ही परत येणार, हिला घेऊन मी बाजारात जाणार, आणि वाटेत काही झालं तर? ती यायच्या आत गाडी विकून टाकली.”

“माझ्या गळ्यात मारलीत.”

“पंधरा दिवसांचा शब्द उगाच नाही दिला हो. मनाला खात होतं.”

खिडकीतून नवरा वाकून बघत होता. बाईंनी हातानंच त्याला ‘थांब’ म्हटलं.

“मग ही आली,” काका पुढे बोलू लागले. “गाडी नाही बघून कपाळावर हात मारला. म्हणाली, चार महिने घर सोडलं तर माणसानं गाडी विकली, सहा महिने राहिले असते तर घर विकून पायरीवर बसला असता. आणि मग विचारलं, माझ्या बुडाखालचा ठोकळा तरी काढून घेतलात का?”

“कुठला ठोकळा?”

काका उठले. “दार उघडता?”

बाईंनी दार उघडलं. काका शेजारच्या सीटपाशी गुडघे टेकून बसले, आत हात घातला आणि सीट जरा वर उचलून दाखवली. खाली एक लाकडी ठोकळा होता. सीटच्याच कापडानं इतका नेटका मढवलेला की तो गाडीबरोबर कारखान्यातूनच आला असावा, असं कुणालाही वाटलं असतं.

“उंचीनं लहान आहे ती. समोरचा रस्ता दिसायचा नाही तिला. म्हणून बारा वर्षांपूर्वी बसवला. माणूस बसलं की तो दाबून घट्ट राहतो. सीट रिकामी असली आणि गाडी डावीकडे वळली की...” काकांनी ठोकळा बोटानं ढकलला. तो सरकला आणि लोखंडी पट्टीला लागला.

टुक.

काकांनी सीट पुन्हा खाली टेकवली.

“बारा वर्षं ती शेजारी होती,” काका म्हणाले. “म्हणून मी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. माझ्या हातचं काम, आणि मलाच ओळखता आलं नाही.”

बाईंना गॅरेजवाला आठवला, नवरा आठवला. दोघंही याच सीटवर बसून आवाजाची वाट बघत होते. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण तेवढ्यात दुसरंच काही लक्षात आलं.

“काका, हे तुम्हाला कळलं कधी?”

“बुधवारी.”

“आज शनिवार.”

काकांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

“बुधवारी संध्याकाळीच सांगायला आलो होतो. बाकावर बसलो. बसल्या बसल्या मनात आलं, रविवार गेला की सांगू. तोवर कदाचित बाईच गाडी परत आणतील. आणली असतीत तर मी नाही म्हटलं नसतं.” ते थांबले. “गुरुवारी तेच. काल तेच.”

“मग आज का सांगितलंत?”

“काल तुम्ही निघालात तेव्हा चारही चाकांपाशी वाकून बघितलंत. मीही चार महिने तसाच बघत होतो. नाही बघवलं.”

झाडावरून एक पान पडलं आणि गाडीच्या टपावर बसलं. काकांनी ते सवयीनं उचललं, मग आपण काय केलं ते ध्यानात येऊन हात मागे घेतला. खिशातून त्यांनी पेचकस काढला.

“पाच मिनिटांचं काम आहे. काढून नेतो. मग तुमचं निवांत.”

गाडी परत देते, हे शब्द बाईंच्या जिभेवर येऊन गेले. समोर एकतीस चेहरे उभे राहिले. त्यांनी ते शब्द गिळले. काकांनीही गाडी मागितली नाही.

“ठोकळा राहू द्या,” अखेर बाई म्हणाल्या.

“आवाज येईल.”

“येऊ दे की. आता माझी त्याची ओळख झाली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुम्ही दोघं बाजारात कधी जाता?”

“जायचो. रविवारी सकाळी.”

“उद्या किती वाजता येऊ?”

काकांनी पेचकस खिशात ठेवला. तो नीट जाईना, दोनदा खिशाबाहेरच पडला.

वर आल्यावर बाईंनी टेबलावरचा अर्ज उचलला. मागची बाजू कोरी होती. एका बाजूनं कोरे असलेले कागद त्या पोरांच्या चित्रांसाठी जपून ठेवत. अर्ज त्यांनी त्या गठ्ठ्यात घातला आणि गठ्ठा शाळेच्या पिशवीत.

“भास होता का?” नवऱ्यानं जपून विचारलं.

“नव्हता. तू वजनदार माणूस आहेस, एवढंच,” बाई म्हणाल्या. आणि तो पोटाकडे बघत राहिला.

रविवारी सकाळी बाई सरळ गाडीत बसल्या. दोन गल्ल्या ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज चाकं बघायची राहिली.

काकू खरंच लहानखुऱ्या होत्या. पुढचं दार त्यांनी स्वतः उघडलं, सीटवर बसल्या, जरा इकडे तिकडे हलून जागा बघितली आणि समाधानानं पर्स मांडीवर घेतली. काका मागे बसले. मागून आपली गाडी कशी दिसते ते बहुधा त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. ते सगळीकडे बघत होते.

काकूंनी नातीच्या गोष्टी सुरू केल्या. तिचं नाक कुणावर, रडणं कुणावर, हट्ट कुणावर. हट्टाशी येताच त्यांनी मान वळवून मागे बघितलं. बाई हसत होत्या, हूं हूं करत होत्या. मग पाण्याची टाकी दिसू लागली.

बाईंनी वेग कमी केला. आरशात बघितलं तर काका पुढे सरकले होते, दोन सीटांच्या मधे मान घालून. बाईंनी चाक डावीकडे फिरवलं. गाडी वळली. दुकानांची रांग समोरून सरकत गेली, एक कुत्रं उठून बाजूला झालं, आणि रस्ता पुन्हा सरळ लागला.

काकूंनी आधी बाईंकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“काय गं बाई,” त्या म्हणाल्या, “एकदम सगळे गप्प का झालात?”