निळ्या खुणेचे टोमॅटो

शेतातून निघालेल्या टोमॅटोपैकी किती गिऱ्हाइकाच्या हाती धड पोचतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. घरच्याच शेतातल्या काही क्रेटवर तिने निळी खूण केली आणि स्वतः आदल्या दिवशी शहरातल्या बाजारात येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. तिने एकेक क्रेट रिकामं करून पाहिलं. एकही टोमॅटो फुटलेला नव्हता. शेजारच्या बिनखुणेच्या क्रेटमधून मात्र रस गळत होता.

तेवढ्यात मागच्या फळीवरून बाबा उतरले, कंबर धरून.

"मांडीवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं यांनी," ड्रायव्हरकाका म्हणाले. "जिथे थांबू तिथे पोतं भिजवून क्रेटवर पांघरायचं. खड्डा आला की मला शिव्या. नवरीची पाठवणी परवडली."

ती चिडली. "बाबा, किती खराब होतात तेच तर मोजायचं होतं."

"म्हणजे खराब व्हायला हवे होते?"

"हो. सगळ्यांच्या मालाशेजारी त्यांचे बाबा बसून येतात का? आता सर पुन्हा करायला लावतील."

बाबा ओशाळले. "तू परीक्षा म्हणालीस. मला वाटलं, आपले नापास व्हायला नकोत."

ती वह्या आवरू लागली.

"बरं बाई," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मी घरीच बसतो. शब्द दिला."

पुढची खेप निघायच्या आधीच बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

शेत आता चुलतभाऊ बघत होता. त्याने माल तोडला, तिने खूण केली, ट्रक तोच होता. या वेळी तळचे टोमॅटो चेचून गेले होते आणि वरचे उन्हाने मऊ पडले होते. तिने फुटलेले वेगळे काढले, वजन केलं, लिहून घेतलं. या वेळी बाजारात आलेल्या सरांनी कागद पाहिला.

"आता कसं बरोबर आलं," ते म्हणाले आणि पुढच्या ट्रककडे वळले.

ड्रायव्हरकाका तिथेच घुटमळत होते.

"वाटेत थांबलो होतो मी," ते खाली बघत म्हणाले. "पोतं भिजवलंसुद्धा. मग आठवलं, तू नको म्हणाली होतीस."

"बरोबर केलंत, काका."

"मग ते तसंच केबिनमध्ये ठेवलं."

तिने ते मागून घेतलं. पोतं अजून ओलंच होतं. मोजणी संपली होती, आणि तो माल आता कुणी फुकटही नेला नसता. तरी ती खाली बसली, निळ्या खुणेच्या क्रेटवर तिने पोतं पसरलं आणि चारी कोपरे नीट आत खोचले.