ठमीचा श्वास

ठमी दीड महिन्याची झाली आणि तिचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. वडील जहाजावर नोकरीला, आईचं सासर-माहेर दोन्ही दूर. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिलाई मशीन, ठमी आणि तिची आई, एवढाच संसार. डॉक्टरांनी दोनदा सर्दीचं औषध दिलं. पण आईच्या मनात पाल चुकचुकत होती. दूध पिताना पोरीच्या गळ्याखाली खळगा पडायचा, हनुवटीवरचा लाल डागही पसरत चालला होता. शेवटी ती पोरीला घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जाऊन बसली.

तिथल्या घशाच्या डॉक्टरबाईंनी डाग पाहून लगेच दुर्बिणीने तपासलं. श्वासनळीतही त्या डागासारखीच रक्तवाहिन्यांची गाठ निघाली. निम्मी वाट तिनेच अडवली होती. त्यावर औषध होतं, मोठ्या माणसांना हृदयासाठी देतात तेच, सिरिंजने मोजून पाजायचं. पहिले काही दिवस दोघी वॉर्डात राहिल्या. नर्स नाडी मोजायची, टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची. इतर खाटांपाशी माणसांची वर्दळ, हिच्या खाटेजवळचं स्टूल रिकामंच. तिसऱ्या दिवशी शिटी थांबली. तिने नवऱ्याला फोन लावला, तो लागेना. मग तिने ती बातमी ठमीलाच सांगितली.

घरी आल्यावर आठवड्याभराने ठमीने सकाळपासून दूध घेतलं नाही. घेतलं तेवढंही ओकून टाकलं. औषधाची वेळ झाली. उपाशीपोटी दिलं तर साखर उतरते, असं बजावलेलं. नाही दिलं तर गाठ पुन्हा फुगेल, ही धास्ती. विचारायला कुणी नव्हतं. भरलेली सिरिंज हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग सिरिंज मोरीत रिकामी करून तिने वॉर्डात फोन लावला.

"औषध दिलं नाही मी. चुकलं का माझं?"

"बरोबर केलंत, ताई," नर्स म्हणाली. "तिला घेऊन या. सोबत कोण आहे?"

"आहे ना, ठमी आहे," म्हणता म्हणता तिचा बांध फुटला.

दोन दिवसांत ठमीचं पोट ठिकाणावर आलं, औषध पुन्हा सुरू झालं. सहा महिन्यांनी दुर्बिणीत गाठीचा पुसटसा ठसा उरला होता. औषध अजून काही महिने चालणार होतं.

मग नवरा सुट्टीवर आला. अनोळखी माणूस पाहून ठमीने टाहो फोडला, चांगला खणखणीत. सगळं पहिल्यापासून सांग, तो बायकोला म्हणाला. औषधाची वेळ झाली होती, म्हणून तिने त्याला सिरिंज कशी भरायची ते दाखवलं.