दोन बोटांची खूण

केम्निट्झच्या क्रीडागृहात धुऊन गुळगुळीत केलेल्या बर्फावर स्केट्सनी दिवसाची पहिली रेघ ओढण्याचा मान अकरा वर्षे रोस्विता आणि डेटलेफ या जोडीचा होता. आता गुडघा निकामी होऊन डेटलेफ घरी बसला होता. सत्तावीस वर्षांची रोस्विता मात्र अजून बर्फावर येत होती. का, हे तिला सांगता आले नसते.

ती सहा वर्षांची असताना अधिकाऱ्यांनी बालवाडीत येऊन तिचे मनगट मोजले होते आणि तिचे भवितव्य ठरवले होते. सोळाव्या वर्षी टंकलिखित पत्र आले : जोडीदार, डेटलेफ. पुढे युरोपात चौथा क्रमांक लाभला, तोही जणू कुणी नेमून दिल्यासारखा. परंतु गेल्या वर्षी पूर्वेकडचे ते राज्यच पश्चिमेत विलीन झाले आणि पत्रे धाडणारे कार्यालयही उरले नाही.

"डॉर्टमुंडचा यॉर्न तुझ्याबरोबर उतरायला तयार आहे," प्रशिक्षिका फ्राउ टिर्नर काल म्हणाल्या होत्या. "उद्या बाराच्या गाडीनं तो परत जाईल. त्याच्या आत हो की नाही ते सांग."

"तुम्हीच सांगा ना, बाई."

"मी कोण सांगणार? आता तुझं तूच."

हे वाक्य रोस्विताला रात्रभर कळले नव्हते.

सकाळी यॉर्नने तिची कंबर धरली. पुरुषाने फेकायचे, स्त्रीने हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचे, असा हा प्रकार. फेकण्यापूर्वी डेटलेफ कमरेवर दोन बोटे दाबी. त्या खुणेसरशी तिचा देह आपोआप आवळला जाई. यॉर्नने मात्र विचारले, "तयार?"

ती बोटांची वाट पाहत राहिली. त्याने फेकले आणि ती सैल गाठोड्यासारखी आदळली. दुसऱ्या वेळी तेच झाले, तिसऱ्या वेळीही.

"अगं, मी विचारतोय ना! तुम्ही पूर्वेकडची माणसं काय हुकमाचीच वाट बघता?"

"आणि तुम्ही पश्चिमेकडचे बर्फालाही विचारता का, 'पडू का?' म्हणून?"

कठड्याशी थर्मासमधली कॉफी ओतणाऱ्या फ्राउ टिर्नर हसल्या. "भांडण झकास जमतंय, आता उडी जमू दे. साडेअकरा झाले."

रोस्विताने मांडीवरचा बर्फ झटकला. डेटलेफची खूण याला शिकवावी, की त्याला आजच निरोप द्यावा? अकरा वर्षांत 'तयार?' असे तिला कुणीच विचारले नव्हते. म्हणून त्या प्रश्नाला उत्तर असते, हेही तिला ठाऊक नव्हते.

चौथ्या वेळी यॉर्न काहीच बोलला नाही. बिचारा विचारायलाही भ्याला असावा. वेग वाढला, कठडा जवळ आला.

"आत्ता!" रोस्विता ओरडली.

तो स्वर आपलाच, हे तिला हवेत असताना उमगले. पहिली गिरकी, दुसरी, तिसरी. ती दोन्ही पायांवर उतरली, हातही टेकला. परीक्षकांनी गुण कापलेच असते. पण ती उभी होती.

यॉर्न धापा टाकत जवळ आला. "मग?"

तिला अजूनही काही कळत नव्हते. इतकेच कळले, की पुढच्या वेळी ती क्षणभर आधी ओरडणार होती.

"बाई," तिने कठड्याकडे वळून म्हटले, "याची गाडी चुकवा."