कसिगाउची लोकरीची आई

मी एक जुनी, करडी घोंगडी आहे. अंगभर ठिगळं आणि एका कोपऱ्याला मोठं भोक. मित्रांनो, हसू नका. ही फाटकी घोंगडी एके काळी आई होती, आणि तीही हत्तीच्या पिल्लाची!

नाकुरूच्या एका गिरणीत माझा जन्म झाला. जुन्या स्वेटरांच्या चिंध्या पिंजून मला विणलं, त्यामुळे मऊपणाशी माझं कधी जमलंच नाही. माणसं मला पांघरत आणि रात्रभर अंग खाजवत. शेवटी कुणीतरी कंटाळून मला त्सावोच्या रानाकडेला, पोरक्या हत्तींच्या गोठ्यावर देऊन टाकलं. तिथे माझं नशीब उजळलं, कारण हत्तीच्या पिल्लाला खरखरीतच आई लागते.

कसिगाउ आली तेव्हा जेमतेम माणसाच्या कमरेएवढी होती. दातांसाठी चोरट्या शिकाऱ्यांनी तिच्या आईला मारलं होतं. कसिगाउच्या डोंगराखाली सापडली, म्हणून तेच तिचं नाव. तिला सांभाळणाऱ्या म्वांबुरीने मला दोन खांबांमध्ये दोरीवर टांगलं, स्वतः माझ्यामागे उभा राहिला आणि माझ्या कडेखालून दुधाची बाटली पुढे केली. पिल्लाने सोंड माझ्यावर टेकवली, थोडं चाचपलं आणि डोळे मिटून दूध ओढायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

गोठ्यावर वावुडा नावाची बाई कपडे धुवायला होती. तिला स्वच्छतेचं भारी वेड. एकदा पाहुणे येणार म्हणून तिने मला दोरीवरून ओढलं आणि साबण लावून असं धोपटलं, की माझा खरा रंग मलाच पहिल्यांदा कळला. दुपारी कसिगाउ आली, सोंड टेकवली आणि घाबरून मागे सरली. बाटलीला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी तर ती उठेचना. एवढं तान्हं पिल्लू दुधाशिवाय किती तग धरणार?

म्वांबुरीने मला हुंगलं. हत्तीचा वास गेला होता, नुसता साबणाचा येत होता. तो ओरडलाच.

"वावुडा, तू आईच धुऊन टाकलीस!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? मळकं फडकं दिसलं, धुतलं!"

"घे मग, दाखव पाहुण्यांना चकचकीत फडकं. इकडे पोर मरतंय."

वावुडाचं तोंड एवढंसं झालं. तिने मला काखेत मारलं आणि थेट मोठ्या पिल्लांच्या डबक्यात शिरली. तांबड्या चिखलात मला तुडवलं, त्यांच्या पाठींवर घासलं, लिदीत लोळवलं.

"जन्मभर लोकांचा मळ काढला," ती पुटपुटत होती, "आज हौसेने लावतेय."

मग मला पुन्हा दोरीवर टांगून, बाटली घेऊन तीच माझ्यामागे उभी राहिली. "पी गं बाई, पी. पुन्हा नाही धुणार, तुझ्या गळ्याशपथ."

कसिगाउ लटपटत उठली. तिची सोंड माझ्यावर बराच वेळ फिरली, आणि मग बाटली गटगट वाजू लागली. वावुडा तिथेच, माझ्यातून गळलेल्या चिखलात मटकन बसली.

पोर वाढली, रानात चरायला जाऊ लागली आणि एका पावसाळ्यात रानटी कळपाबरोबर निघून गेली. त्या दिवशी म्वांबुरीच्या ताटातली मक्याच्या पिठाची उगाली तशीच राहिली. माझ्या वाट्याला पुढे आणखी पिल्लं आली. आईला सगळी सारखी म्हणतात. मी खोटं बोलणार नाही, मला कसिगाउचीच आठवण येई.

पुढे एका कोरड्या वर्षी नदी आटली आणि कळप गोठ्याजवळच्या पाणवठ्यावर आला. मधोमध कसिगाउ होती. तिच्या पायांत एक चिमुकलं पिल्लू घोटाळत होतं, तिचं स्वतःचं! वावुडाने मला दोरीवरून ओढलं आणि धावत सुटली. म्वांबुरीने तिचा दंड धरला.

"थांब. मागे घे ती घोंगडी."

"अहो, एकदाच वास येऊ द्या तिला. मीही पाजलंय तिला!"

"म्हणूनच सांगतोय. आज आपल्याकडे आली, तर उद्या कुठल्याही माणसाजवळ जाईल. त्याच्या हातात बाटलीच असेल कशावरून?"

वावुडाने मला घडी करून पोटाशी घट्ट धरलं. वारा पाणवठ्याकडून आमच्याकडे वाहत होता. क्षणभर तरी तो उलटा फिरावा, म्हणून मी किती तळमळले! तो फिरला नाही. कसिगाउने पाणी पिऊन पिल्लाला सोंडेने पुढे ढकललं आणि ती झुडपांत शिरली.

"गेली," वावुडा म्हणाली.

"जाऊ दे," म्वांबुरी म्हणाला.

मित्रांनो, रानातल्या जिवाला अडीनडीला जपा, पण त्याला आपली सवय लावू नका. तो पाठ फिरवून निघाला, की खुशाल रडा. डोळे असते तर मीही रडले असते. पण त्याला हाक मारू नका.