मास्तर वाचले तेव्हा

मास्तर गाडी शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा शिकणाऱ्यांना द्यायचे तसा त्यांनी बायकोलाच धीर दिला, "घाबरतेस कशाला? ब्रेक माझ्याही पायाखाली असतो."

डॉक्टरीणबाईंनी बायकोला आणि धाकट्या दिराला आत बोलावलं. पडद्यावर एकीकडे स्कॅनची चित्रं होती, दुसरीकडे गाठीच्या जनुकांचा रिपोर्ट. "आधी आम्ही हे वेगवेगळं बघायचो," त्या म्हणाल्या. "आता नवा प्रोग्रॅम दोन्ही जुळवून पेशंट किती दिवस काढेल ते सांगतो. तो चुकूही शकतो. पण यांचं वर्ष निघणं कठीण दिसतंय."

चुकूही शकतो, हे दिरानं कानाआड केलं. बायकोनं ऐकलं, पण त्या शब्दावर भार टाकायची तिची छाती झाली नाही.

दोघांनी मास्तरांना एवढंच सांगितलं, औषधं लागू पडतील. मग दिरानं "तुम्हाला दगदग नको" म्हणत त्यांच्या सह्या घेतल्या आणि गाडी शिकवायचा क्लास आपल्या नावावर केला. बायको रोज न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडून घ्यायची. एकटीची सवय व्हावी म्हणून ती दुसऱ्या खोलीत झोपू लागली. मास्तरांचे चांगले कोट तिनं वाटून टाकले. त्यांच्याशी ती गोडच बोलायची, पण भिंतीवरच्या फोटोशी बोलावं तशी.

वर्ष सरलं. मास्तरांना भूक लागायला लागली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसून राईएवढी झालेली.

डॉक्टरीणबाई हरखल्या. "मास्तर, तुम्ही आमचा अंदाज खोटा पाडलात. तुमची माहिती फार कामाची आहे, प्रोग्रॅम त्यातून सुधारेल."

"कसला अंदाज?" मास्तरांनी विचारलं. बायकोनं मान खाली घातली; वर्षाच्या अंदाजाचं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं.

ते तिथून थेट क्लासवर गेले. भाऊ त्यांच्या खुर्चीवरून उठला नाही. "दादा, आता कशाला परत हा व्याप? वाटलं तर सकाळी येऊन बसत जा."

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं.

"माझे कोट?"

"दिले."

"कधी?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा."

ते पलंगावर टेकले. "मी बरा झालो. तुला काय वाटतं? खरं सांग."

आनंद झाला, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण गेले कित्येक महिने ती त्यांच्याशी खोटंच बोलत आली होती, आणि आता तिला ते जमेना.

"माझं रडून झालंय हो," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर कसं राहायचं, ते सगळं मी मनात लावून ठेवलं होतं. त्यात तुम्हाला कुठं बसवू, कळत नाही."

मास्तरांनी उठून कपाट लावून घेतलं. ते पुढं बरीच वर्षं जगले. दोघं जेवायला कधी एका वेळी बसत नसत.