शेजारची सीट

तिचा नवरा मोटरसायकलवाल्यांच्या क्लबाचा कप्तान होता आणि त्याच्या मोटरसायकलला मागची सीट नव्हती. मुळात नव्हती असं नाही हो. कंपनीनं दिली होती, दोघं ऐसपैस बसतील अशी दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत यानं ती करवतीनं कापली आणि पुढचा तुकडा हिच्याच पुढ्यात आणून टाकला. कारण ही कामाला होती सीट-कव्हर शिवायच्या दुकानात. "घट्ट शीव," म्हणाला, "सुरकुती दिसता कामा नये." आणि तिनं शिवलं. आपलीच बसायची जागा कापून टाकल्यावर उरलेल्या तुकड्याला दुहेरी टीप मारून दिली. मूर्खपणा म्हणा, नाहीतर नवं लग्न म्हणा.

"मग मी बसायचं कुठं?" तिनं हसत विचारलं होतं.

"घरी," तो म्हणाला. तोही हसतच म्हणाला, म्हणून तिला वाटलं, गंमत करतोय. ती गंमत पुढं वीस वर्षं चालली. दर रविवारी पहाटे हा जाकीट चढवून निघायचा आणि ही दारात उभी राहून त्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकायची. बाजारहाट बसनं, माहेर बसनं, दवाखाना बसनं. नवरा शंभर कोस फिरून येणार आणि बायकोला गावातलं तळंसुद्धा माहीत नाही!

क्लबात चारचाकीला एकच नाव होतं: डबा. कितीही महागाची असो, डबा. हे नाव कप्तानानंच पाडलेलं, आणि डब्यानं रांगेत सगळ्यांत मागं राहायचं, हा नियमही त्याचाच. क्लबात एक मास्तर होते, शाळेत भूगोल शिकवायचे. एका वर्षी त्यांची पाठ धरली आणि ते बिचारे सहलीला आपली छोटी गाडी घेऊन आले. कप्तानानं काय करावं? घरातला जेवणाचा पत्र्याचा डबा नेला आणि त्यांच्या गाडीच्या मागं सुतळीनं बांधला. सगळा घाटभर तो खडखडत होता आणि ही घोड्याएवढी माणसं पुढून वळून वळून ओरडत होती, "डबा आला, डबा आला!" घरी येऊन त्यानं हे इतक्या रंगात येऊन सांगितलं की डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. तिनं फक्त विचारलं, "माझा डबा कुठाय?" तो आलाच नाही परत. मास्तरही पुढं दोन वर्षं आले नाहीत. पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा पुन्हा मोटरसायकलवर बसून आले आणि रांगेत शेवटी उभे राहिले.

पण वेळ काय सांगून येते? यंदा कप्तानाच्या डाव्या हातातून आधी चहाचा कप सुटला, मग किल्ल्या सुटायला लागल्या. कोपरातली नस गेली, डॉक्टर म्हणाले, आता ही पकड काही परत यायची नाही. आणि मोटरसायकलचा क्लच असतो डाव्या हाताला. मोटरसायकलवर चादर पडली. क्लबात सांगितलं, "कामाला टाकलीये, पार्ट बाहेरून यायचाय." तीन बोटं बाहुलीच्या बोटांसारखी लोंबत होती. शर्टाची बटणं ती लावायची, बुटांच्या नाड्या ती बांधायची, जाकिटाची चेन ती ओढायची. आणि तो भिंतीकडं बघत म्हणायचा, "कुणाला बोललीस तर याद राख."

ती बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला आतून थोडा आनंदच झाला होता, आणि त्याची लाजही वाटत होती. कारण आता चारचाकी येणार होती, आणि चारचाकीला शेजारची सीट असते. ती कापता येत नाही.

"चार दारांची घेऊया," ती म्हणाली. "मागं सामानसुमान राहील."

"सामान वाहायला मी हमाल आहे?" तो उसळला. मग तिला एक लांबलचक प्रवचन ऐकावं लागलं. मोटरसायकलवाल्याला कुठलीही गाडी चालत नाही. त्याला वारा तोंडावर लागतो. त्याला रस्ता बुडाखाली, अगदी जवळ लागतो. म्हणून कुणी उघडी जीप घेतो, कुणी मागं मोटरसायकल चढवता येईल असा छोटा टेम्पो घेतो, आणि ज्याच्यात खरी रग आहे तो घेतो टप उघडणारी, बुटकी, दोन सीटांची. चार दारांची घेतात ती पोराबाळांवाली माणसं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

आणली त्यानं तशीच. लाल, बुटकी, दोन सीटांची. जुनीच होती, पण चकाचक. गिअर मात्र आपोआप पडणारे, कारण गाडीचा गिअरही डाव्या हातालाच आला ना! क्लबातल्या कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे त्यानं आरशासमोर घोकून ठेवलं होतं: "आता असल्याच येतात रे."

पहिल्यांदा ती आत बसली तेव्हा गाडी कुंई कुंई करून ओरडायला लागली. ती दचकून उठायलाच निघाली.

"पट्टा लाव," तो वैतागला. "शेजारी कुणी बसलं आणि पट्टा नसला की बोंबलते."

अगं बाई! म्हणजे गाडीला कळलं, कुणी बसलंय म्हणून. वीस वर्षांत नवऱ्याला कळलं नाही ते या गाडीला नुसत्या सीटवरून कळलं! तिनं पट्टा लावला आणि गाडी गप्प झाली. त्या दिवशी घरी आल्यावरही ती उगाच आणखी थोडा वेळ आत बसून राहिली.

मग क्लबाची मोठी सहल आली. समुद्रापर्यंत, दोन दिवसांची. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "चल तूही." खरं म्हणजे वाटेत त्याची बटणं आणि चेन कोण लावणार होतं? तिला ते कळत होतं. कळूनही तिनं नवा रुमाल घेतला, केस उडू नयेत म्हणून. काळा चष्मा घेतला. दुकानात चार बायकांना सांगून आली. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता.

सकाळी सगळे पेट्रोल पंपावर जमले होते. निम्मी पोरं नवी, कप्तानाला ओळखतसुद्धा नव्हती. गेले काही महिने पुढं मास्तर असायचे. कप्तानानं गाडी मोठ्या ऐटीत मधोमध आणून उभी केली, उतरला आणि आतला क्लबाचा शर्ट दिसावा म्हणून एका झटक्यात जाकिटाची चेन खाली ओढली. तिच्या मनात आलं, आता ही वर कोण करणार? उघडायला एक हात पुरतो. लावायला दोन लागतात.

कुणीतरी हळूच म्हणालं, "डबा." दोघंतिघं हसले. कप्तानही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. मग म्हणाला, "चला, मी पुढं होतो. रस्ता माझ्या पायाखालचा आहे."

कुणी हलेना. मास्तर पुढं आले. "पुढं नको कप्तान," ते म्हणाले. आवाज अगदी गोड, वर्गातल्या ढ मुलाशी बोलावं तसा. "डबा मागूनच येतो. नियम तुझाच आहे. पण यायचं असेल तर एक कर. आपली सामानाची गाडी ऐन वेळी बंद पडलीये. हत्यारांची पिशवी, एक टायर, दोन तंबू, एवढं घेऊन ये."

ती मनात म्हणाली, आता हा चिडेल. चिडू दे. म्हणू दे, हमाल आहे का मी, आणि वळवू दे गाडी. आपण दोघंच जाऊ समुद्राला.

कप्तानानं गाडीकडं पाहिलं. मागं पिशवी ठेवायलाही जागा नाही. मग त्यानं शेजारच्या सीटकडं पाहिलं. त्या सीटवर ती होती, रुमाल बांधून, चष्मा लावून, पट्टा लावून.

"अगं," तो म्हणाला, "तू असं कर, उतर."

"म्हणजे?"

"बसनं जा घरी. पुढच्या वेळी नेईन."

"अहो, मी—"

"सगळे थांबलेत! तमाशा करू नकोस."

पोरं इकडं तिकडं बघायला लागली. तिनं पट्टा काढला. उतरताना गुडघा दाराला आपटला, तरी कुणी हात दिला नाही. तिच्या सीटवर टायर आला, टायरवर पिशवी, पिशवीवर तंबू. बघता बघता जागा भरली. ती रडली नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आत काहीतरी कडक झालं होतं, मळलेलं पीठ वाळून व्हावं तसं.

मोटरसायकली सुरू झाल्या. सगळ्यांनी गळ्यापर्यंत चेनी ओढल्या. कप्तान उघड्या गाडीत बसला, गार वारा सुटला होता, जाकीट फडफडत होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि हनुवटीनं खूण केली. लवकर, कुणी बघायच्या आत.

ती जागची हलली नाही. मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की इंजिनांच्या वरून गेलं.

"मास्तर! यांची चेन तेवढी लावून द्या. यांचा डावा हात गेलाय. मोटरसायकल आता कधीच चालवता यायची नाही. वाटेत लघवीला थांबलात तर पँटचं बटणही कुणीतरी बघा. घरी सगळं मीच करते."

एकेक इंजिन बंद होत गेलं. कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तर उतरले, सावकाश त्याच्यापाशी गेले, वाकून चेनीची दोन टोकं जुळवली आणि लहान पोराची ओढावी तशी गळ्यापर्यंत वर ओढली.

"घट्ट होतेय का रे?" त्यांनी विचारलं.

ती तेवढं बघून वळली. बसथांबा रस्त्यापलीकडं होता. मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते कुंई कुंई. शेजारच्या सीटवर वजन होतं आणि पट्टा लावलेला नव्हता. तो पट्टा ओढायला डावा हात लागतो. गाडी बोंबलत राहिली, आणि ती रुमाल सोडून घडी घालत रस्ता ओलांडून गेली.